समुद्रकाठचे खान्देशी आणि त्सुनामीची तयारी

गिरणाकाठ

दर २६ डिसेंबरला २००४ च्या त्सुनामीची छायाचित्रे फिरतात, श्रद्धांजलीचे चार शब्द लिहिले जातात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. त्या एका दिवसात चौदा देशांतील सुमारे २,२७,००० माणसे गेली. आपल्या देशात १०,००० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि ५,००० हून अधिक माणसे कायमची बेपत्ता राहिली. तमिळनाडूतील एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक बळी गेले. रविवारची सकाळ असल्यामुळे मुले किनाऱ्यावर खेळत होती आणि कोळी स्त्रिया होड्या परतण्याची वाट पाहत वाळूत थांबल्या होत्या. खोल समुद्रात गेलेल्या कित्येक पुरुषांना होडीखालून लाट गेल्याचे जाणवलेसुद्धा नाही. ते किनाऱ्याला लागले तेव्हा घरचे कोणी उरले नव्हते.

हा धागा खान्देशातल्या लोकांसाठी काढण्यामागे कारण आहे. आपल्याकडचे किती तरी डी.एड. झालेले तरुण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत वर्षानुवर्षे शिकवतात. मी पारोळा तालुक्यातली. आंतरजिल्हा बदली होईपर्यंत एका खाडीकाठच्या दोन शिक्षकी शाळेत होते आणि आम्ही दोघेही खान्देशातले होतो. भरती-ओहोटीच्या वेळा आम्हाला मुलांनी शिकवल्या. अशा शाळेत समुद्राचे पाणी आत येऊ लागले, तर वर्गातील पस्तीस मुलांना कोठे न्यायचे हा निर्णय ज्याने लहानपणी फक्त गिरणा पाहिली आहे अशा माणसाला घ्यावा लागेल. तो निर्णय नीट घेता यावा यासाठी काय माहीत असायला हवे, यावर येथे चर्चा व्हावी.

केळीबाग

मॅडम, हेतू चांगला आहे, पण आपल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, वादळात उभ्या केळीबागा आडव्या होतात, तापीला पूर येतो. त्सुनामीची तयारी किनाऱ्यावरच्या लोकांनी करावी. आपण श्रद्धांजली वाहावी आणि आपल्या संकटांकडे पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भूगोलाची वही

केळीबाग दादा, प्रश्न रास्त आहे, पण 'आपण' म्हणजे कोण हे आधी ठरवावे लागेल. अमळनेर, भुसावळ, शिरपूर येथून दर हिवाळ्यात शाळांच्या सहली गणपतीपुळे, हरिहरेश्वर, अलिबागला जातात. रामेश्वर आणि कन्याकुमारीच्या यात्रेला निघणाऱ्यांची संख्याही कमी नाही. २००४ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वेळंकणी या तीर्थस्थानी मेलेल्यांत असंख्य यात्रेकरू होते, ते तेथले रहिवासी नव्हते. समुद्र ज्याच्या ओळखीचा नाही तो माणूस किनाऱ्यावर सर्वांत जास्त धोक्यात असतो.

मी भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे, तेव्हा शास्त्राचा भाग थोडा सविस्तर लिहितो. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी सुमारे साडेसहा वाजता सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. भारतीय भूपट्ट तेथे शेजारच्या पट्टाखाली सरकतो. शेकडो वर्षे अडकून राहिलेली कड सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर सुटली, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि त्याच्यावरचा पाण्याचा संपूर्ण स्तंभ हलला. वाऱ्याच्या लाटेत फक्त वरचे पाणी हलते, त्सुनामीत तळापासूनचे हलते. चार किलोमीटर खोलीच्या समुद्रात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने जाते आणि तेथे तिची उंची एवढी कमी असते की जहाजाला पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ खोली कमी होते तसा वेग घटतो आणि मागचे पाणी पुढच्यावर चढत जाते.

सहलीला निघालेल्या प्रत्येक शिक्षकाला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'समुद्र आधी मागे हटतो, मग लाट येते' हे वाक्य सगळ्यांना पाठ असते, आणि ते अर्धेच खरे आहे. २००४ मध्ये थायलंडच्या बाजूला पाणी आधी ओसरले. फुकेतच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने, दोन आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेले आठवून, आईवडिलांना सावध केले आणि तो किनारा रिकामा झाला. परंतु भूकंपाच्या पश्चिमेला, म्हणजे श्रीलंका आणि तमिळनाडूच्या बाजूला, पाणी आधी चढले. पाणी हटण्याची वाट पाहत बसणाऱ्याला तेथे कोणतीही सूचना मिळाली नसती. पाणी हटलेले दिसले तर पळावेच, पण हटले नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरे असे की लाट एकच नसते. दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचे अंतर असू शकते आणि पहिली लाट सर्वांत मोठी असेल असेही नाही. श्रीलंकेत पेरालिया येथे पहिल्या लाटेनंतर थांबलेल्या आगगाडीत आणि गाडीच्या आडोशाला लोक सुरक्षित समजून गोळा झाले आणि दुसऱ्या लाटेने सारे नेले. तेथील मृतांचा आकडा १,७०० च्या आसपास सांगितला जातो.

सुरतवासी खान्देशी

मी शिरपूरचा, पण उधन्यात राहून दोन दशके झाली. केळीबाग भाऊंना नम्रपणे सांगतो की लिंबायत आणि उधना या भागांतून फिरलात तर अहिराणी जळगावइतकीच ऐकू येईल. तापी तुमच्याकडून निघते ती हतनूर, प्रकाशे आणि उकाई करीत आमच्याकडे येते, आणि आमच्यापुढे थेट अरबी समुद्र आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून प्रचंड विसर्ग झाला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी धरणातून पाणी सोडल्याचे कित्येकांना माहीत होते. किती पाणी येईल आणि कोणत्या मजल्यापर्यंत चढेल, हे मात्र वस्तीत सांगणारा कोणी नव्हता.

अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही अशी एक समजूत येथेही आहे. भारतीय वेळेनुसार २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या, किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्याच्या लाटा कच्छपर्यंत आल्या, मुंबईत सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी चढले आणि तेथेही माणसे वाहून गेली. भूगोलाची वही सर, मुंबईपर्यंत ती लाट यायला किती वेळ लागला असेल?

भूगोलाची वही

साधारण पाच तास. म्हणूनच आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रश्न सुमात्रासारखा नाही. सुमात्राजवळच्या सिमेलुए बेटावर १९०७ मध्ये मोठी लाट आली होती. तिची आठवण आजी-आजोबांनी गाण्यांतून आणि गोष्टींतून नातवंडांपर्यंत पोहोचवली: जमीन जोरात हलली की काहीही न उचलता डोंगर गाठायचा. २००४ मध्ये भूकंपाच्या अगदी कुशीत असूनही सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर लाटेने फक्त ७ माणसे गेली. हे उदाहरण सर्वत्र दिले जाते आणि ते आहेही तसेच. पण कोकणात ते जसेच्या तसे लावता येत नाही. मकरानला भूकंप झाला तर गुहागरच्या माणसाच्या पायाखालची जमीन हलणारच नाही, किंवा हलली तरी झोपेतून जाग येण्याइतकी नाही. त्याला पाच तास मिळतील, पण कोणी कळवले तरच.

२००४ मध्ये नेमके येथेच घोडे अडले. निकोबारला लाट काही मिनिटांत पोहोचली, चेन्नई आणि नागपट्टिणमला दोन ते अडीच तासांनी. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर पाणी शिरल्याचा संदेश लाट येण्याआधी मुख्य भूमीवर पोहोचला होता. तेथून तो चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर फिरायला आलेल्या माणसापर्यंत नेण्याची वाट अस्तित्वात नव्हती. आज ती वाट अर्धी तरी बांधलेली आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र चालते. समुद्रतळावरचे दाबमापक, किनाऱ्यावरची भरतीमापक यंत्रे आणि भूकंपमापके यांच्या आधारे मोठ्या भूकंपानंतर दहा-बारा मिनिटांत पहिली सूचना निघते. हैदराबादपासून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षापर्यंतचा प्रवास आता मिनिटांचा आहे. कक्षापासून वाडीपर्यंतचा प्रवास किती वेळाचा, हे प्रत्येक वाडीने स्वतः तपासून पाहावे लागेल.

चाळीसगावकर

तो शेवटचा टप्पा आम्ही समुद्राविना अनुभवला आहे. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरपट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी पहाटेपर्यंत चाळीसगाव शहरात आणि काठच्या गावांत शिरले. दावणीला बांधलेली गुरे जागच्या जागी मेली. दावे कापायला जाण्याइतकासुद्धा अवधी मिळाला नाही. इशारा कोणाला पोहोचला होता आणि तो कोठे अडकला, याचा उलगडा आमच्या गल्लीला अजून झालेला नाही.

म्हणून या चर्चेत एक कडवट मत नोंदवतो. रंगीत तालमींवर माझा विश्वास उरलेला नाही. साहेब येतात, भोंगा वाजतो, चार स्वयंसेवक एकाला स्ट्रेचरवर घालून धावतात, छायाचित्र निघते. ज्या गावात तालीम झाली त्या गावातील म्हाताऱ्या बाईला रात्री दोन वाजता कोण उठवणार, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

गिरणाकाठ

दादा, तालमीबद्दलचा तुमचा राग मला मान्य आहे, पण तालीम सोडून देण्याच्या टोकाला मी जाणार नाही. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये घडलेल्या दोन शाळांच्या हकिकती मी शाळेत असताना सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे.

कामाइशी शहरात प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी मुलांना काही वर्षे सातत्याने शिकवले होते की नकाशावर आखलेल्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, शक्य तेवढे वर जा, आणि पळण्यात तुम्ही पहिले व्हा, म्हणजे तुम्हाला पाहून बाकीचे पळतील. भूकंप थांबताच माध्यमिक शाळेची मुले कोणाच्या आदेशाची वाट न पाहता निघाली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुले निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर तीही सुरक्षित वाटेना, तेव्हा ती आणखी वर गेली. त्या शहरातील जवळजवळ ३,००० शाळकरी मुले वाचली.

इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी होती आणि नकाशातील धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती. भूकंपानंतर मुलांना मैदानात रांगेत उभे केले गेले. मागे टेकडी होती. कोठे जायचे यावर शिक्षकांची चर्चा जवळजवळ पन्नास मिनिटे चालली. पाणी नदीतून आले. ७४ मुले आणि १० शिक्षक व कर्मचारी गेले. पालक न्यायालयात गेले आणि शाळेची व प्रशासनाची आधीची तयारी अपुरी होती, हा निकाल २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

त्या शिक्षकांना मी दोष देऊ शकत नाही, कारण माझ्या शाळेत तो प्रसंग आला असता तर मीही आधी हजेरीपट घेऊन मुले मोजली असती, आणि मग केंद्रप्रमुखांना फोन लावला असता. आपल्याला तशीच सवय आहे. कोकणातल्या खाड्या गावांत दूरवर शिरतात, त्यामुळे 'आमची शाळा किनाऱ्यावर नाही' हे उत्तर तेथे पुरत नाही. तयारीसाठी मोठा खर्चही लागत नाही. कोणत्या पायवाटेने सड्यावर, म्हणजे गावामागच्या उंच कातळी पठारावर, चढायचे, पावसाळ्यात ती वाट चालण्याजोगी राहते का, पहिलीच्या मुलाला तेथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे एकदा घड्याळ लावून पाहिले आणि पालकांना कळवून ठेवले की शाळेकडे धावत येऊ नका, मुले सड्यावर भेटतील, तरी बरेच झाले. ही तालीम छायाचित्रासाठी नसते आणि तिला साहेब लागत नाहीत.

केळीबाग

ओकावा शाळेचे मला माहीत नव्हते. माझा पुतण्या श्रीवर्धनकडे शिक्षक आहे, त्याला हा धागा पाठवतो. तरीही एक शंका राहतेच. वारंवार इशारे दिले आणि काहीच झाले नाही, तर लोक पुढच्या वेळी उठतील का? हवामानाच्या 'रेड अलर्ट'चे आपल्याकडे काय झाले आहे ते सगळे जाणतात.

भूगोलाची वही

याची परीक्षा ११ एप्रिल २०१२ ला झाली. सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, चेन्नईत इमारती हलल्या, लोक किनारे सोडून निघाले आणि समुद्रात नाममात्र चढउतार झाला. कारण त्या वेळी भूपट्ट एकमेकांना घासत आडवे सरकले होते आणि तळ फारसा उचलला गेला नव्हता. इन्कॉइसची पद्धत अशी की पहिली सूचना भूकंपावरून निघते आणि समुद्रातली यंत्रे काय दाखवतात त्यावरून ती वाढवली किंवा मागे घेतली जाते. म्हणून सूचनेची पायरी समजून घ्यावी लागते. 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा, 'अलर्ट' म्हणजे किनारा आणि पाणी सोडा, 'वॉर्निंग' म्हणजे वस्ती रिकामी करा. सूचना मागे घेतली गेली म्हणजे ती खोटी होती असा अर्थ नसतो, आणि हे लोकांना दुसऱ्याच दिवशी सांगायला हवे, वर्षभराने पत्रकातून सांगून उपयोग होत नाही.

चाळीसगावकर दादांच्या म्हाताऱ्या बाईचे उत्तर ओडिशाने थोडेफार शोधले आहे. तेथील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागरविषयक आयोगाने 'त्सुनामी रेडी' अशी मान्यता दिली आणि नंतर त्या राज्यातील आणखी गावे त्यात आली. गावाचा धोक्याचा नकाशा, रस्त्यावर दिशादर्शक फलक, चोवीस तास संदेश घेणारी माणसे, तो गावभर पोहोचवण्याची साधने, आणि ठरावीक काळाने तालीम, एवढे दाखवल्याशिवाय ती मान्यता मिळत नाही. पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू गावात २००४ मध्ये यापैकी बरेच नव्हते. तेथे सिंगापूरला असलेल्या गावकऱ्याचा फोन आला आणि गावातील माहिती केंद्राच्या लाउडस्पीकरवरून सर्वांना बाहेर काढता आले. भोंगा आधीपासून गावात होता, रोज माशांचे भाव आणि समुद्राची स्थिती सांगत होता, त्यामुळे त्या दिवशी लोकांनी त्याचे ऐकले.

नंदुरबारी

आपली चर्चा शिक्षक आणि सहलींभोवती फिरते आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. दिवाळी झाली की नवापूर, अक्कलकुवा, धडगाव येथून हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. ओलपाडसारख्या समुद्रालगतच्या तालुक्यातही त्यांचे पडाव पडतात. प्लास्टिकच्या कागदाची झोपडी, आजूबाजूला सपाट शेते, जवळ खाडी किंवा नाला. या लोकांपैकी कित्येकांना गुजराती येत नाही, मराठी मोडकी येते आणि घरात भिली किंवा पावरी बोलली जाते. २०२३ मध्ये सरकारने चाचणी म्हणून सर्वांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजवले होते, ते आठवत असेलच. आमच्या पाड्यावर कित्येकांनी घाबरून फोन बंद केले, कारण पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. स्थानिक गावाच्या यादीत पडाव नसतो, मतदार यादीत ते लोक नसतात, आणि बळी गेले तर मृतांच्या यादीत तरी त्यांची नावे येतील का, अशी मला शंका आहे.

सुरतवासी खान्देशी

नंदुरबारी भाऊ, हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि यावर काही करता येण्यासारखे आहे. पडावाचा कारभार मुकादमाकडे असतो आणि कारखान्याचा ऊस विभाग त्याला रोज फोन करतो. निरोपाची तयार वाट तीच आहे. मुकादमांच्या फोनमध्ये आपत्तीचे इशारे देणारे सरकारी 'सचेत' ॲप घालून देणे आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लिहून देणे, एवढे आमचे मंडळ करू शकते.

चाळीसगावकर

मंडळे पुढे येत असतील तर मदतीबद्दलही लिहून ठेवतो. २००४ मध्ये गावोगावी जुने कपडे गोळा झाले, आमच्याकडेही झाले. नागपट्टिणमच्या रस्त्यांकडेला त्या कपड्यांचे ढीग पडून राहिले, कारण तेथल्या लोकांना हवे होते भांडी, जाळी, होड्यांची दुरुस्ती आणि पाणी. जगलेल्या माणसाला दुसऱ्याच्या विटक्या कपड्यात हात घालायला लावणे ही मदत नव्हे. पुढच्या वेळी निदान तेथे काय हवे आहे ते विचारून गाडी भरावी.

आणि स्मरणाबद्दल. धुळ्याला १८७२ मध्ये पांझरेचा मोठा पूर आला होता, पण पाणी कोठवर चढले होते ते आज रस्त्यावरच्या किती जणांना सांगता येईल? जपानमध्ये आनेयोशी येथे जुना दगड आहे, 'या खाली घरे बांधू नका' असे त्यावर कोरलेले आहे, आणि २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली. आमच्या तितूरच्या काठी २०२१ ची पूररेषा पक्क्या रंगाने भिंतींवर लिहावी, असा अर्ज मी देणार आहे.

गिरणाकाठ

दादा, अर्जाची प्रत येथे टाका, पारोळ्याकडूनही सह्या मिळवून देते. मी सहलीच्या परवानगी अर्जाला जोडण्यासाठी एक पान लिहायला घेते: मुक्कामाच्या गावी उतरल्याबरोबर उंच जागा पाहून ठेवणे, जमीन हलली किंवा समुद्र वेगळा वागताना दिसला तर मुले मोजण्यासाठी न थांबता चढू लागणे, गाडी रस्त्यात अडकली तर ती सोडणे, आणि अधिकृत निरोप येईपर्यंत खाली न उतरणे. भूगोलाची वही सर, ते तुम्ही तपासून द्यावे. पडावासाठी मात्र पान उपयोगाचे नाही, तेथे आवाजच हवा.

नंदुरबारी

पावरी आणि भिलीत दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी करवून देतो, गावातील मुली छान बोलतात. फक्त एक अडचण आहे. त्यात 'उंच जागेवर जा' एवढेच सांगून भागणार नाही, ओलपाडला टेकडी नाही. पडावापासून पायी पोहोचता येईल अशी पक्की दोनमजली इमारत कोणती, आणि रात्री तिचे कुलूप कोणाकडे असते, हे आधी कळायला हवे.

सुरतवासी खान्देशी

माझ्या माहितीत तेथे शाळेची एक इमारत आहे, पण जिना बाहेरून आहे की आतून ते पाहिलेले नाही. या रविवारी मुकादमाला घेऊन जाऊन येतो आणि येथेच लिहितो.